भिंतीकडे तोंड करून

मी एक जुना ओटा आहे. घरातला नव्हे, मागच्या अंगणातला. आज माझ्यावर रंगाचे रिकामे डबे पडलेले असतात, म्हणून मला अडगळ समजू नका, मित्रांनो. एके काळी माझ्यासाठी या घरात कितीतरी दिवस खल चालला होता.

अंगणात स्वयंपाकघर करायचे ठरले, तेव्हा प्रत्येकाने आपले घोडे पुढे दामटले. बाबांना छप्पर हवे होते, मुलाला मोठी शेगडी, सुनेला भांड्यांसाठी कप्पे. आईने एकच गोष्ट मागितली. ती म्हणाली, "ओटा मधोमध घ्या. आयुष्यभर भिंतीकडे तोंड करून रांधलं. आता बसलेल्यांची तोंडं दिसू देत."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मुलाने आराखडाही तसाच काढला. पण गवंडी आला आणि म्हणाला, नळ भिंतीत आहे, ओटा मध्ये घ्यायचा तर पाइपासाठी फरशी फोडावी लागेल. फरशी नुकतीच बसवलेली आणि बाबांचा सगळा जीव तिच्यात. आई बाजारात गेली होती. ती परत येईपर्यंत माझ्या विटा भिंतीला चिकटल्या होत्या. आई काही बोलायची नाही, असे मुलगा म्हणाला होता. ते खरे ठरले.

माझ्यावर काळा गुळगुळीत दगड बसला. पाहुणे येत, माझ्यावरून हात फिरवत, मुलाच्या डोक्याचे कौतुक करत. आई परतत, भाजत उभी असे आणि तिच्या पाठीमागे हशा पिकत असे. मान वळवून ती विचारी, काय झालं? कुणीतरी म्हणे, काही नाही गं, तुझं चालू दे. तोवर शेगडीवरचे करपू लागे. करपले की मात्र सगळ्यांना ती दिसे. मला तेव्हा फार राग येई, पण ओट्याचा राग विचारतो कोण?

नव्याचे नऊ दिवस संपले. एका दुपारी आईने आपली भांडी उचलून आत नेली. एवढं हौसेनं केलं, मग वापरत का नाहीस, असे बाबांनी विचारले.

"भिंतच बघायची, तर आतली काय वाईट होती?" ती म्हणाली.

बाबा खाली फरशीकडे बघत राहिले. ती फरशी अजून चकचकीत आहे, मित्रांनो. बाबा ती रोज स्वतः पुसतात.

माझी निगा राखा, असे मी सांगणार नाही. माझे काय, मी दगड. पण तुम्ही कधी ओटा बांधाल, तेव्हा त्याच्यापाशी जी उभी राहणार आहे, तिला आधी विचारा. ती बाजारात गेली असेल, तर परत येईपर्यंत थांबा.