लाभार्थी

पीस चांगलं हातभर लांब होतं, आणि छपरावर ताणलेल्या निळ्या प्लास्टिकच्या घडीत उभं रुतलं होतं, जणू कुणी मुद्दाम खोचून ठेवलंय. काळपट, कडेला विस्कटलेलं, देठाशी मात्र स्वच्छ पांढरं. चैतीनं ते काठीनं खाली पाडलं, उचललं आणि हातात धरून नुसती उभी राहिली, कारण त्याचं करायचं काय हे तिला कळेना. चुलीत टाकावं तर घाण वास सुटेल, फेकून द्यावं तर गार्ड मॅडमनी बजावलेलं की गिधाडाचं पीससुद्धा घरात ठेवायचं नाही आणि फेकायचंही नाही, ऑफिसात जमा करायचं. म्हणजे पीस सरकारचं. ज्या झाडावरून ते पडलं ते अर्जुनाचं झाड सरकारचं, त्याच्याखालचं घर ज्या जमिनीवर उभं आहे ती जमीनही सरकारचीच... वारा फिरला की घरट्यातून सडल्या मांसाचा जो वास आत शिरतो, तेवढा मात्र आपला.

तिनं पीस कुडाच्या काठ्यांमध्ये खोचलं आणि सूप घेऊन नागली पाखडायला बसली. सातवा महिना चालू होता, बसताना हात जमिनीला टेकावा लागत होता. घर म्हणजे कारवीचा कूड, त्याला शेणामातीचा लिंपा, वर कौलं थोडी आणि प्लास्टिक जास्त. मागच्या उतारावर तीन उंच झाडं, त्यातल्या दोहोंवर गिधाडांची घरटी. गिधाडं आली ती त्यांच्या नंतर, पण मान मिळाला तो गिधाडांना. आधी फोटो काढणारे आले, मग बोर्ड आला, मग खाकी कपड्यातली ती पोरगी, दाभोश्याची प्रतिक्षा, जिला सगळे गार्ड मॅडम म्हणतात. खोडाळ्याच्या बाजारात बायका चिडवायच्या, चैतीपेक्षा तिची गिधाडं बरी, त्यांना घरकुल मिळालं, तेही जागेसकट. चैतीही हसायची. हसण्यासारखंच होतं, जोवर तिचं स्वतःचं घरकुल मंजूर झालं नव्हतं तोवर.

आता ते झालं होतं, तिच्याच नावावर, आणि आज दुपारी मोखाड्याहून साहेब जागा पक्की करायला येणार होते. जागा म्हणजे इथली नव्हे. इथं जंगल, इथं वीट रचता येत नाही, उलट आहे तो कूडही पावसाच्या आत काढायचा असं गार्ड मॅडम हळू आवाजात, जवळजवळ माफी मागितल्यासारखं सांगून गेल्या होत्या — चुलीच्या धुरानं पक्षी बिचकतात, ताई. घरकुल होणार ते वनहक्कात मिळालेल्या पट्ट्याच्या जमिनीत, आणि पट्ट्यात घराची म्हणून कागदावर एकच सपाट जागा लागलेली, खाली ओहोळाजवळची. बाकी सगळा उतार. आज तिथं उभं राहून हो म्हटलं तर पक्क्या भिंती. नाही म्हटलं तर घरकुल दुसऱ्या कुणाला जाईल, आणि हे घर तर जाणारच आहे. सरळ होतं सगळं. मोखाड्याच्या साहेबाला, गार्ड मॅडमला, कुणालाही त्यात अडखळण्यासारखं काही दिसलं नसतं.

खालची ती जागा त्यांना लाभली नव्हती.

हे साहेबाला सांगायचं कसं... आधी बैल गेला. मग सासरा, पोटात दुखतंय म्हणून आडवा झालेला उठलाच नाही. आणि मग पारू. दीड वर्षांची पारू, भाताच्या आवणीच्या दिवसांत तापली, ओहोळाला पाणी चढलेलं, जीप पलीकडेच थांबलेली, आणि नवरा, देवानंद, बाहेर काठीला गोधडी बांधून डोली करत असताना आत चुलीजवळ चैतीच्या मांडीवर तिचं अंग एकदम सैल पडलं. चैती ओरडली नव्हती. डोली बांधून होईपर्यंत ती तशीच बसून राहिली होती, जणू ओरडली नाही तर ते झालंच नाही. जागा लाभत नाय, असं भगतानं मागाहून सांगितलं, पण भगतानं सांगायची गरज कुणाला होती? भात कापून होताच देवानंदनं खांब उपटले. वासे, कौलं, दाराची फळी, सगळं डोक्यावरून वर आणलं, इथं, या झाडांखाली. चुलीचे तीन दगड तेवढे मागं ठेवले, कारण ती चूल पुन्हा पेटवायची नव्हती. लोक पिढ्यान्‌पिढ्या असंच करत आले. एखादी जागा माणसं खायला लागली की माणसं उठतात, थोडं वर नाहीतर खाली जातात, जगतात. त्यात चुकलं काय?

चुकलं ते इतकंच, की मोजणी त्याच्या आधीच होऊन गेली होती. घर खाली असताना मोजलं, आणि पट्ट्याचा कागद हातात पडला तेव्हा घर वर आलेलं. कागदात ते अजून खालीच आहे. कागदात कदाचित बैल दावणीला आहे, सासरा ओट्यावर बसून विडी ओढतोय, आणि चुलीजवळ — नको. तिनं सूप जोरात आपटलं. थोडी नागली बाहेर सांडली आणि कोंबड्या धावत आल्या.

सासूनं, कोंडीनं, सकाळपासून तिच्याकडे पाठ केली होती. म्हातारीचं बोलणं काल एकदाच झालं होतं आणि ते पुरेसं होतं. "तू जा. तुला पक्की भिंत हवी, तं जा. मी हतंच मरंन, पर त्या जागंवर पाय नाय ठेवायची. एक पोर तिनं खाल्ली, आता दुसरं नेऊन दे तिला." शेवटचं वाक्य बोलताना तिनं चैतीच्या पोटाकडे पाहिलंही नव्हतं. चैतीला राग आला होता, इतका की हातातला तांब्या फेकावासा वाटला. आणि राग याचाच होता, की म्हातारी जे बोलली ते तिच्या स्वतःच्या मनात आधीपासून होतं, शब्दाला शब्द.

देवानंदचं उलट. तो समुद्राकडे, डहाणूच्या पुढं, बांधकामावर. कालच फोनवर सांगत होता की त्यांच्या झोपड्याही उठवल्या, खाडीच्या कडेला खारफुटीत होत्या म्हणून. तिथं खारफुटीला हात लावायचा नाही, इथं गिधाडांना. बिगाऱ्यानं राहायचं कुठं ते मात्र कुठल्याच बोर्डावर लिहिलेलं नसतं. सगळे आता अर्धवट इमारतीत, बिनदाराच्या खोल्यांत झोपतात, आणि मुकादम म्हणतो, बघा, फ्लॅटमध्ये राहताय. हे सांगून तो हसला, मग म्हणाला की घे घरकुल, डोळे मिटून घे, येणाऱ्या पोराला निदान प्लास्टिकखाली ठेवायला नको. तिनं जागेचं विचारलं तेव्हा त्यानं रेंज नाही म्हणून फोन ठेवला. रेंज होती. तिला त्याचा श्वास ऐकू येत होता.

म्हणजे ठरवायचं मीच. म्हातारीला जागेची भीती आहे, त्याला भिंतींची घाई आहे, आणि दोघांच्या मध्ये हे माझं पोट. मी हो म्हटलं आणि या पोराला काही झालं, तर जन्मभर ऐकायचं मी. नाही म्हटलं आणि पावसात, झाडाखाली, उघड्यावर काही झालं, तरी ऐकायचं मीच. दोन्हीकडून पोर माझ्याच नावावर लागणार, घरकुलासारखं... पाणी आणायला ती उठली. ओहोळाची सरळ वाट त्या जागेवरून जाते. चैती चार वर्षं करवंदीच्या जाळ्यांना वळसा घालून जाते, हंडा डोक्यावर असला तरी. आजही तिनं वळसाच घातला, आणि वळसा घालताना नेहमीप्रमाणे तिकडे पाहिलं नाही, तरी नेहमीप्रमाणे तिला सगळं दिसलं: तिथं दार, तिथं चूल, चुलीच्या या अंगाला आपण, आणि मांडीवर ते सैल पडलेलं अंग. जागा ते सांभाळून होती. जागेनं ते गिळलेलं होतं, पण टाकलं नव्हतं.

गार्ड मॅडम ऊन चढल्यावर आल्या, साहेबाच्या आधी. चैतीनं कुडातलं पीस काढून त्यांच्या हातात दिलं. प्रतिक्षाचा चेहरा एकदम उजळला, ती ते उलटसुलट करून पाहायला लागली, आणि त्या क्षणी ती खाकीतली वाटेना, शेतावरून काहीतरी सापडलेलं घेऊन आलेली पोर वाटली. चैतीला तिचा राग करणं कधीच नीट जमलं नव्हतं. प्रतिक्षा ओट्यावर बसली, पाणी प्याली, वर बघून म्हणाली की पिल्लू मोठं झालंय, पावसाच्या आत उडेल. वर्षाला एकच अंडं घालतात, एकच पिल्लू, ते गेलं की वर्ष गेलं. मग आपल्याच नादात, पिसावरून बोट फिरवत, ती पुढं बोलत राहिली.

"ही जोडी आधी पलीकडच्या बेहड्यावर होती, ताई. तिथं त्यांचं पिल्लू मेलं. दुसऱ्या वर्षी त्या झाडाकडं फिरकली नाहीत, इथं आली. बेहडा अजून तसाच आहे, चांगला आहे, पण नाही जात. आता पक्ष्याला सक्ती कोण करणार?"

"कोण करंल," चैती म्हणाली.

तिनं वर घरट्याकडं पाहिलं. म्हणजे ती जोडीही... त्याच दुखण्यानं या उतारावर आली, आणि मीही. तिला कुणी कागद विचारला नाही. तिचं घरटं जिथं मोजलं असेल तिथंच तिनं परत जाऊन बसावं असं कुणी म्हटलं नाही. उलट ती उठून जिथं आली ती जागा तिची झाली, आणि ती तिची झाली म्हणूनच माझी राहिली नाही. चैतीला हसू यायला हवं होतं, बाजारातल्या बायका असत्या तर पोट धरून हसल्या असत्या. पण तिनं आधाराला कुडाला हात लावला. आत म्हातारी खोकली. प्रतिक्षाला काहीच कळलं नाही, तिनं पीस कागदात गुंडाळलं आणि साहेबाची मोटारसायकल ऐकून ती उठली.

साहेब तरुण होता, घामाघूम, घाईत. थेट खाली ओहोळाजवळ जाऊन उभा राहिला आणि हातातल्या मोबाइलवर काहीतरी जुळवायला लागला. चैती करवंदीच्या जाळीपर्यंत गेली आणि थांबली. "लाभार्थी कोण?" त्यानं वर न बघता विचारलं. "लाभार्थीनं इकडं या. जागेवर उभं राहा." लाभार्थी. हा शब्द तिनं महिनाभर ऐकला होता, त्यात लाभ आहे हे आज पहिल्यांदा ऐकू आलं. प्रतिक्षानं मागून हळूच कोपराला हात लावला, आणि चैतीनं पाय टाकला. काही झालं नाही. माती तापलेली होती, इतकंच.

"घराचं तोंड कुठं करायचं?" साहेबानं विचारलं. "आधी होतं तसंच ठेवू. कुठं होतं दार?"

तिनं सांगायला हात उचलला. हात उचललेलाच राहिला. चार वर्षांचं गवत उगवून, वाळून, जळून गेलेलं. गुरांनी सगळं तुडवून सारखं केलेलं. खांबांचे खळगे बुजलेले. चुलीचे दगड कुणी कधी उचलून नेले कुणास ठाऊक. जाळीमागून रोज दिसायचं ते इथं उभं राहिल्यावर कुठंच नव्हतं. दार ओहोळाकडे असेल तर चूल इकडं, म्हणजे मी इथं बसलेले, म्हणजे पारू... साहेबाच्या बुटांखाली. आणि दार आंब्याच्या बाजूला असेल तर सगळंच उलट, मग प्रतिक्षा उभी आहे तिथं. दोन्ही खरं वाटत होतं. ती दोन पावलं गेली, परत आली, टाचेनं माती उकरली. खाली तीच माती. वरच्या घराच्या दारात म्हातारी अजून पाठ फिरवूनच बसली असेल, तिला ठाऊक असेल, पण ती खाली उतरणार नाही.

"कुठंही सांगा ओ, चार भिंती तर आहेत," साहेब म्हणाला.

"साहेब, जरा बाजूला होता का," चैती म्हणाली. तो गोंधळून सरकला. तिथंही काही नव्हतं. या जागेनं आपलं पोर धरून ठेवलंय म्हणून मी घाबरत होते, चार वर्षं हंडा घेऊन लांबून गेले, म्हातारीशी भांडले, देवाला बोलले — आणि हिनं तर तिला केव्हाच सोडून दिलंय. जाळीमागं होती तोवर पारू होती. आता मी येऊन उभी राहिले आणि ती कुठं होती तेच मला सांगता येत नाही. इथं भिंती उठल्या, दार लागलं, चूल मांडली, तर कदाचित कळेल, चुलीवरून कळेल... हा विचार मनात आला तशी ती दचकली, कारण त्यात येणारं पोर कुठंच नव्हतं. साहेबानं पुन्हा विचारलं. ती वाकून मातीकडे बघत राहिली, आणि सकाळी होती ती भीती आता हवीहवीशी वाटत होती.