गुडघ्याचं हवामान

आलीशान डोंगराच्या चढावर भरदुपारीच धुकं उतरतं. मग चहाचा मळा, घर, घरामागची पडवी, सगळंच दुधात विरघळल्यासारखं होतं. त्या पडवीत युए-शिआचं यंत्र टकटकत असे. आभाळातून येणारे, डोळ्यांना न दिसणारे कण ते मोजायचं. उंचावर ते जास्त सापडतात, म्हणून भौतिकशास्त्र शिकलेली ही मुलगी यंत्र घेऊन बापाच्या घरी येऊन राहिली होती.

पण उन्हाळाभर आकड्यांनी तिला छळलं. काही दिवस ते उगाच चढत, मग आपसूक उतरत. शेवटी शहरातून तिच्या प्राध्यापकांचं पत्र आलं: ‘यंत्राच्या कण मोजणाऱ्या नळ्या बिघडल्यात. गुंडाळून पाठवून दे.’

ती खोकं शोधायला लागली. म्हातारे बाबा उंबऱ्यावर गुडघा चोळत बसले होते.

“आज पुन्हा धरलाय मेल्याने. वादळ येतंय बघ.”

“बाबा, तुमच्या गुडघ्याला समुद्र दिसतो वाटतं?”

“हस, हस! वैद्यांनी सांगितलं म्हणून दुखलेल्या प्रत्येक दिवसाला कॅलेंडरवर लाल गोल केलाय. जा, बघून ये. रेडिओच्या आधी माझा गुडघा बोलतो.”

ती गंमत म्हणून गेली आणि कॅलेंडरसमोर थबकली. धावत जाऊन वही आणली. जिथे गोल, तिथे आकडा चढलेला. दोनच गोल जुळेनात. ते बाबा पायरीवरून घसरले तेव्हाचे होते. उरलेले सतरा जुळले.

पुस्तकात वाचून विसरलेली एक ओळ तिला आठवली. वादळाआधी हवेचा दाब उतरतो, डोक्यावरची हवा हलकी होते, कणांना अडवणारं कमी उरतं, म्हणून आकडा चढतो; बाबांचा गुडघाही तोच उतार ओळखत होता. यंत्र ठणठणीत होतं.

गावच्या शाळेतून तिने हवेचा दाब दाखवणारा वायुभारमापक मागून आणला, महिनाभर दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहिले आणि प्राध्यापकांना धाडून दिले. उत्तर आलं: ‘यंत्र तिथेच राहू दे. वडिलांना नमस्कार. त्यांच्या गुडघ्याला एवढ्यात औषध देऊ नकोस.’

बाबांनी ते तीनदा वाचून घेतलं. “म्हातारपणी नोकरी लागली की मला!” मग जरा वेळाने म्हणाले, “पोरी, ते कण आत्ता माझ्यातूनही जातायत?”

“तळहातातून सेकंदाला एक तरी.”

बाबा मळ्यात उतरले. धुक्यात आधी त्यांचे पाय गेले, मग पाठ. दिसत राहिला तो एक उघडा हात, पागोळी झेलावी तसा पुढे धरलेला.