प्रतीक्षा क्रमांक तीन

"प्रतीक्षा क्रमांक दोन. सुरभी नानाजी उरकुडे, मुकुटबन."

क्लार्कनं नाव वाचलं आणि चष्म्यावरून हॉलकडे पाहिलं. कुणी उठलं नाही. त्यानं पुन्हा वाचलं, या वेळी मोठ्यानं. पंखा तेवढा कुरकुरत राहिला.

संगीता आडे खुर्चीत पुढं सरकली. शेजारी बसलेल्या लेकीनं, अर्पितानं, मांडीवरची फाइल दोन्ही हातांनी घट्ट धरली. तिचा क्रमांक तिसरा होता. सिव्हिल इंजिनिअरिंगच्या दोनच जागा उरल्या होत्या आणि पहिली आत्ताच अकोल्याच्या एका मुलानं घेतली होती.

"बारापर्यंत थांबू," क्लार्क म्हणाला. "बाराला हजर नसेल तर जागा तीन नंबरला. नियम आहे."

भिंतीवरच्या घड्याळात अकराला दोन मिनिटं कमी होती.

"याडी," अर्पिता कुजबुजली, "ते आली नाही."

"चूप. अजून तास आहे."

संगीता सोळा वर्षांपासून एसटीत कंडक्टर होती. घाटंजीजवळच्या बंजारा तांड्यावर घर, नवरा सुनील कापूस-तूर पाहायचा. आज तिनं रजा टाकली होती. खाकी ड्रेस नसला की हात कुठं ठेवावे ते तिला कळत नसे, म्हणून ती मघापासून पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

खरं तर अर्पिताला पुण्याला जागा मिळाली होती. मोठं नावाजलेलं खासगी कॉलेज, वर कॉम्प्युटरची शाखा. तांड्यात कुणाला एवढं मिळालं नव्हतं. सुनीलनं घरोघर पेढे वाटले. मग तिघं कॉलेज बघून आले. काचेची सात मजली इमारत, दार उघडायला कार्ड ओढावं लागे. हॉस्टेलची बाई चांगली बोलली, पण सगळं इंग्रजीत. तिथल्या मुलींनी अर्पिताला तिचं गाव विचारलं, ती घाटंजी म्हणाली, त्यांनी मान डोलावली आणि आपसात बोलू लागल्या. त्यानंतर अर्पिता दिवसभर गप्प होती. चुकीच्या गाडीत बसलेला माणूस संगीताला तिकीट फाडायच्या आधीच ओळखू यायचा. तो खिडकीबाहेर सारखा पाहतो आणि कुणाला काही विचारत नाही. लेकीचा चेहरा तेव्हा तसाच होता.

अमरावतीचं हे सरकारी कॉलेज त्या दोघी नंतर बघायला आल्या. भिंतींचे पोपडे निघालेले, नळाला धार बारीक. पण हॉस्टेलच्या पायरीवर पुसद, दिग्रस, नेरच्या मुली बसल्या होत्या. त्यातल्या एकीनं अर्पिताचं आडनाव ऐकून सरळ गोरबोलीतच, घरच्या बोलीत, तांडा विचारला, "कुणसे तांडेर?" आणि अर्पिता जी बोलायला लागली ती तासभर थांबलीच नाही. दर पावसाळ्यात तांड्याजवळच्या नाल्याच्या पुलावरून पाणी गेलं की गाड्या बंद होतात, तो पूल कसा बांधायला हवा होता, हेसुद्धा तिनं त्या मुलींना सांगितलं. सिव्हिलच घ्यायचं तिनं दहावीपासून ठरवलं होतं. कॉम्प्युटर लोकांनी सुचवलं होतं.

पण इथं यायचं तर पुण्याची जागा सोडावी लागत होती. मूळ कागद तिकडं अडकले होते. पुण्याला शिकणारा तिचा मामेभाऊ ते रात्रीच्या गाडीनं पाठवायला तयार होता, पण आधी प्रवेश रद्द व्हायला हवा होता. त्यासाठीचा ओटीपी संगीताच्या मोबाइलवर यायचा होता. काल दुपारी ती ड्युटीवर असताना अर्पितानं सेतू केंद्रातून फोन केला.

"याडी, ओटीपी सांग. पाचले बंद होते."

त्याच्या पाच मिनिटं आधी सुनीलचा फोन येऊन गेला होता. "देऊ नको तू. पुण्याची पक्की जागा सोडून वेटिंगवर कोण जाते? साल गेलं तं तिचं?"

गाडी जंगलातल्या चढावर होती. रेंज येत होती, जात होती. संगीतानं एकच विचारलं, "पक्कं ना वं?" अर्पिता म्हणाली, "भेव लागते. पण पक्कं आहे." संगीतानं सहा आकडे सांगितले. संध्याकाळी सुनील "तुमचं तुम्ही पाहा," एवढंच म्हणाला. कागद आज पहाटे अमरावतीला पोचले.

आता मांडीवरचा मोबाइल थरथरला. ड्रायव्हर-कंडक्टरांचा व्हॉट्सॲप ग्रुप होता. बबिता या कंडक्टर मैत्रिणीनं टाकलं होतं : 'मुकुटबन-अमरावती गाडी नेरच्या पुढं बंद पडली. दुसरी गाडी पाठवा.' मेसेज दहा मिनिटांपूर्वीचा होता, रेंजअभावी आत्ता पोचला होता.

संगीतानं तो दोनदा वाचला. मुकुटबन. ती हळूच उठली. "पाणी पिऊन येतो," ती अर्पिताला म्हणाली आणि व्हरांड्यात गेली.

तिनं स्वतःला सांगितलं, नुसतं विचारू. विचारायला काय जातं?

"बबिता, तुह्या गाडीत एखादी कॉलेजची पोट्टी आहे का? उरकुडे नावाची? संग बाप असन."

"आहे ना व माय. फाइल छातीशी धरून रस्त्यावर उभी आहे. अमरावतीले बाराच्या आत पोचायचं म्हणते. बाप येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांईले हात दाखवून राह्यला, कोणी थांबत नाही. तू काहून विचारतं?"

"असंच," संगीता म्हणाली. "दुसरी गाडी कधी येईन?"

"मेकॅनिक आला तं ठीक, नाही तं तासभर कुठंच जात नाही."

संगीतानं फोन बंद केला. व्हरांड्यात एक कुत्रं सावलीला पडलं होतं. ती त्याच्याकडे बघत उभी राहिली. तिनं काहीच करायचं नव्हतं. गाडी तिनं बंद पाडली नव्हती, नियम तिनं केला नव्हता. आत जाऊन खुर्चीवर बसायचं, बारा वाजू द्यायचे, बस. पुण्याची जागा गेलीच होती. ही गेली तर लेकीकडे काय उरणार होतं? आणि सुनीलला काय तोंड दाखवायचं?

पण बबितानं सांगितलेली ती मुलगी तिच्या डोळ्यांसमोरून हलेना. सोळा वर्षांत बंद पडलेल्या गाडीतली माणसं तिनं किती वेळा दुसऱ्या गाडीत चढवून दिली होती. कोण कशासाठी चाललंय, हे तिनं कधी विचारलं नव्हतं.

यवतमाळहून साडेदहाला सुटलेली विनाथांबा गाडी आता नेर ओलांडत असणार, आणि आज तिच्यावर गुलाबसिंग कंडक्टर होता. संगीतानं नंबर लावला.

"भाऊ, मी संगीता. पुढं बबिताची गाडी उभी आहे. तिथं एक पोट्टी अन् तिचा बाप आहे, त्यांना घ्या."

"ताई, पाय ठेवाले जागा नाही. अन् थांबा कुठी आहे आपल्याले?"

"उभ्यानं येतीन ते. ॲडमिशन आहे तिची बाराले. हे तं कराच माह्यासाठी."

"तुह्या नात्यातली आहे का?"

संगीतानं हॉलच्या दाराकडे पाहिलं. "हाव," ती म्हणाली.

ती आत आली तेव्हा अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. अर्पितानं तिच्याकडे पाहिलं.

"एवढा वेळ?"

संगीतानं सगळं सांगितलं, आवाज खाली ठेवून, तुटक तुटक. अर्पिता ऐकत राहिली. ती ओरडेल, रडेल, उठून जाईल असं संगीताला वाटलं. पण ती घड्याळाकडे बघत म्हणाली, "किती वाजता पोचन?"

"पोचली तं पाच-दहा मिनिटं आधी."

"अन् नाही पोचली तं?"

"तं जागा तुही."

साडेअकरा झाले. क्लार्कनं चहा मागवला. पावणेबारा झाले आणि संगीताच्या मनात नको ते आलं. बडनेऱ्याचं फाटक बंद असेल. ऑटो मिळणार नाही. मुलगी दुसऱ्याच गेटला जाईल. फोन तर आपण केला, आता न येणं हे तिचं नशीब. असं कुणाचं वाईट चिंतताना तिनं स्वतःला कधी पकडलं नव्हतं. तिनं पदर तोंडाशी धरला. शेजारी अर्पिताही दाराकडे बघत होती, आणि तिच्याही मनात तेच चाललं असावं, कारण तिनं आईकडे एकदाही पाहिलं नाही.

बाराला सात मिनिटं असताना दारात चपलांचा आवाज झाला. सुरभी धापा टाकत आत आली. ओढणी अर्धी खाली लोंबत होती. मागून तिचे वडील नानाजी, पायजम्याला ग्रीसचा डाग, दोन्ही हात जोडलेले, कोणाला जोडलेत ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

"उरकुडे, साहेब. उरकुडे, मुकुटबन."

क्लार्कनं घड्याळ पाहिलं, कागद पाहिले, शिक्का मारला. मग रजिस्टर मिटलं.

"आडे, सॉरी. पुढच्या आठवड्यात कुणी रद्द केलं तर फोन करू. पण आशा ठेवू नका."

बाहेर व्हरांड्यात नानाजी पाणी पिऊन संगीताजवळ आले. त्यांना मोकळं बोलायचं होतं आणि समोर हीच होती. "देव भेटला जी आज," ते म्हणाले. "येष्टी बंद पडली अन् विनाथांबा गाडी आपल्यासाठी थांबली. कंडक्टर म्हणे, तुम्ही आमच्या ताईचे नातेवाईक. म्या म्हटलं हाव. कोणती ताई, मले काय मालूम!" ते हसले, मग त्यांनी विचारलं, "तुमच्या पोरीचं झालं का?"

"नाही. वेटिंग होतं."

"होईन जी, होईन."

संगीतानं अर्पिताकडे पाहिलं. ती ताई कोण, हे कळायला एक शब्द पुरे झाला असता. अर्पिता सुरभीला म्हणाली, "हॉस्टेलचं ऑफिस एक वाजताच बंद होते. चाल, दाखवतो मी. मांगच्या वेळी पाह्यलं आम्ही." आणि तिची जड पिशवी एका बंदाला धरून ती तिच्याबरोबर मैदान ओलांडून गेली.

सुनीलचा फोन आला.

"झालं का?"

"नाही," संगीता म्हणाली.

ती शिव्या ऐकायला तयार झाली. सुनीलनं घसा साफ केला.

"घाटंजीले बीएस्सीचे फॉर्म चालू आहेत म्हणे. मी सकाळी विचारून आलतो." आणि मग, "जेवल्या का तुम्ही?"

अर्पिता अर्ध्या तासानं परत आली. "खोली चांगली भेटली तिले," ती म्हणाली. "खिडकी आहे." ती व्हरांड्याच्या खांबाकडे तोंड करून उभी राहिली आणि तिचे खांदे हलायला लागले.

फी भरायला आलेली मुलं, त्यांचे आईबाप, शिपाई, सगळे तिथूनच ये-जा करत होते. संगीतानं तिला हाक मारली नाही, हातही लावला नाही. ती फक्त दोन पावलं सरकली आणि पदर खांद्यावरून पसरून अशी उभी राहिली, की येणाऱ्या-जाणाऱ्याला मुलगी दिसू नये.