व्हर्नाचा गोबी

डोळ्याचं ऑपरेशन करून व्हर्ना हॉकिंग ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातल्या ऊडनाडाटा गावी परतली आणि पिशवी खाली न ठेवताच माशांच्या काचपेटीपाशी गेली. पेटीत बोटाएवढे गोबी मासे होते, वाळवंटातल्या झऱ्यांत राहणारे. तिच्या नवऱ्याने ज्या झऱ्यातून ते आणले, तो गुरांनी तुडवून कधीच बुजला होता. त्या झऱ्याचा एकच नर आता उरला होता, बाकी माद्या. तो गेला की वंश संपला.

नर आपल्या कौलाच्या तुकड्याखाली नव्हता. कोपऱ्यात पोट टेकून बसला होता. पिवळा रंग उडालेला, परांचा निळा काठ गायब.

"हा माझा नाही," व्हर्ना पुटपुटली.

मासे सांभाळायला दिले होते दिराला, लायलला. तो त्यांना कायम 'मांजराचा नाश्ता' म्हणायचा. शिवाय टपालगाडीतून उतरताच पेट्रोलपंपावरच्या जोनीनने सांगितलं होतं, ॲडलेडचा कुणी मासेवेडा येऊन लायलच्या ओट्यावर बीअर पीत बसला होता. व्हर्नाच्या मनात पाल चुकचुकली.

"आलीस का वहिनी?" लायल दारात उभा होता. "डोळा काय म्हणतो?"

"सगळं दाखवतो."

एरवी सरळ येऊन खुर्ची अडवणारा माणूस आज उंबऱ्यावरच रेंगाळला.

"माझा नर त्या ॲडलेडवाल्याला दिलास आणि हा भलताच आणून ठेवलास ना?"

"वेड लागलंय का तुला? त्याची बीअर प्यायलो, पण पेटीजवळ फिरकू दिलं नाही त्याला."

व्हर्नाने भिंग लावून पाहिलं. शेपटीला खाच होती, मादीने चावलेली. म्हणजे नर तिचाच होता. पण परांवर कापसासारखे पांढरे पुंजके धरले होते. मासा बदलला नव्हता, मासा मरत होता.

मग तिचं लक्ष काचेकडे गेलं. पाण्याच्या कडेला खाराची जाड पांढरी रेघ असायची. ती घासून काढलेली. पाणी काठोकाठ.

"काय टाकलंस यात? फिनाईल?"

"काही नाही."

"मग एवढं पाणी आलं कुठून?"

लायलने मान वळवली. व्हर्ना त्याला ओलांडून बाहेर पडली, शेजारी त्याच्या अंगणात गेली आणि पावसाच्या पाण्याच्या टाकीवर तिने टकटक केलं. टाकी तळापर्यंत पोकळ वाजली. लायल मागोमाग आला. ऊडनाडाटात माणूस पावसाचं पाणी सांडत नाही. तो काय लपवत होता?

ती घरात परतली, पेटीत बोट बुडवून चाटलं.

"गोड आहे!"

"मग? बोअरचं घालू?" लायल उखडला. "कुजक्या अंड्यांचा वास मारणारं, खारट! आपण त्यात भांडी धुतो. माझ्या दारी कुणाचं कुत्रं आलं तरी मी त्याला पावसाचं पाजतो. तू म्हणालीस, जिवापाड जप. घाण पाणी उपसून चांगलं भरत गेलो."

"लायल, त्यांच्या झऱ्यातही तेच पाणी येतं, ते त्याच घाणीत जन्मतात. गोड्या पाण्याने बुरशी धरली त्याला. तोंड नव्हतं का तुला, सांगायला?"

"इतकी वर्षं टवाळी केल्यावर, पिण्याचं पाणी माशांना घालतोय म्हणून सांगू? तुला? का जोनीनला, म्हणजे गावभर?"

व्हर्नाचा विश्वास बसला, पण पुरता नाही. बोअरचं कढत पाणी निववून लायल कपाकपाने आणत राहिला. एकदम घातलं तर नर दगावला असता. आणलेला प्रत्येक कप ती आधी हुंगायची, मग चाखायची. तो तोंड पाडून उभा असायचा.

हळूहळू पुंजके झडले. एका सकाळी नर कौलाखाली जाऊन बसला आणि जवळ आलेल्या मादीवर पर फुलवून धावला. परांचा काठ पुन्हा निळा दिसत होता.

"वाचला," लायल म्हणाला.

"पुढच्या महिन्यात दुसरा डोळा आहे. या खेपेला मासे सांभाळायला जोनीनला सांगणार आहे मी."

"सांग की. पहिल्याच दिवशी ती आपली टाकी इथे रिकामी करेल. गावातल्या कुणालाही सांग, तेच करेल."

खरं होतं ते. अख्ख्या गावात आता ही चूक न करणारा एकच माणूस होता. व्हर्नाला त्याचा आणखीच राग आला.