धारेची वाट

तीन दिवस बर्फ पडला, चौथ्या दिवशी उघडलं, आणि तोलोबायची सून घळीच्या तोंडाशी एका छोट्या उतारावर खड्डा खणायला लागली. घळीच्या मोठ्या उताराचं तोंड जिकडे, तिकडेच याचंही होतं, म्हणजे बर्फही तसाच साठलेला.

मागे चारा लादलेली आठ घोडी उभी होती. पलीकडच्या हिवाळी कुरणात गावाची तेवीस घोडी अडकली होती. एरवी ती खुरांनी बर्फ उकरून गवत काढतात, पण या वेळी बर्फावर कडक पापुद्रा धरला होता. घळीतून दोन तासांची वाट, डोंगराच्या धारेवरून सहा तासांची.

"झालं का खणून?" सुलतानालीनं विचारलं. तेवीसांतली नऊ घोडी त्याची. "मागच्या महिन्यात दोनदा खणलंस, दोनदा आम्हाला माघारी फिरवलंस. पडला का डोंगरावरचा बर्फ?"

"नाही पडला, काका," बेगायिम म्हणाली आणि खणत राहिली.

लग्नाआधी चार हिवाळे तिनं खिंडीतल्या बर्फचौकीत काढले होते. रोज खणायचं, मोजायचं, हमरस्ता उघडायचा की नाही ते सांगायचं. इथे मात्र ती अजून नवी सून होती.

खड्डा कमरेएवढा झाल्यावर तिनं करवतीनं भिंतीतला एक चौकोनी खांब सुटा केला, माथ्यावर फावडं ठेवलं आणि त्यावर थापा मारू लागली. मनगटापासून दहा. काही नाही. मग कोपरापासून. तिसऱ्या थापेला वरचा हातभर जाडीचा थर सपकन घसरून तिच्या मांडीवर आला.

"घळीतून नको," ती म्हणाली. "धारेवरून जाऊ."

"ऐका," सुलतानाली हसला. "तोलोबायदादा, चाळीस हिवाळे या घळीतून ये-जा केलीस तू. आता सून सांगणार?"

तोलोबाय खड्ड्यात उतरला. बेगायिमनं भिंतीच्या तळातून मूठभर बर्फ काढून त्याच्या तळहातावर ठेवला. तो गोळा होईना. जाड साखरेसारखा बोटांमधून गळून गेला.

"बाबा, वरचं कडक आहे म्हणून वाटतं पेलेल. पण ते या भुशावर उभं आहे."

तोलोबायचा थोरला भाऊ याच घळीत बर्फाखाली गेला होता. त्या दिवशी पायाखालचा बर्फ पोकळ वाजत होता, ढोलासारखा. अठरा वर्षांच्या तोलोबायला तो आवाज ऐकू आला होता. पण पुढे सगळी वडीलधारी माणसं होती, आणि तो गप्प राहिला. ही पोर गप्प राहिली नव्हती. सासऱ्यासमोर, सगळ्या गड्यांसमोर तिनं नको म्हणून सांगितलं होतं. त्याचा ऊर भरून आला. ते दिसू नये म्हणून तो उगाच हातमोजे झटकत बसला.

मग वर येऊन त्यानं घोड्याचा लगाम धरला. "धारेवरून. ज्याला घळीतून जायचंय, त्यानं माझं घोडं इथंच सोडून जावं."

आठांतली पाच घोडी त्याची होती. सुलतानाली पुटपुटत मागून निघाला.

कुरणात पोचले तेव्हा उन्हं कलली होती. घोडी चाऱ्यावर तुटून पडली. बावीस. सुलतानालीची म्हातारी करडी घोडी मरून पडली होती, पण अंग अजून गरम होतं.

"घळीतून आलो असतो तर वाचली असती," तो म्हणाला.

"कदाचित वाचली असती, काका," बेगायिम म्हणाली. तिनं नजर चुकवली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते धारेवरूनच परतत होते. सुलतानालीचं घोडं जरा कडेच्या बर्फावर गेलं. धप्प, असा जड आवाज झाला. घोड्याच्या पुढे एक चीर उमटली आणि बघता बघता डोंगराच्या अंगावरून पार पलीकडे धावत गेली. मग अख्खा उतार सुटला. घळीत पांढरा धुरळा उठला आणि बराच वेळ बसेना. तो निवळला तेव्हा वाट कुठे होती, तेही कळत नव्हतं.

सुलतानालीनं घोडं मागे ओढलं, खाली उतरून तिथंच बसला आणि टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाला, "पोरी, माझ्या दोघा पोरांना शिकवशील हे?"

"तुम्ही पण या, काका. खणायला हात लागतात."

त्या आठवड्यात तोलोबाय सुनेला घेऊन खालच्या गावात मेजवानीला गेला. मानाच्या जागी बसून, चहा गार होऊ देत, त्यानं सगळ्यांना बर्फाची परीक्षा समजावून सांगितली. "आमची बेगायिम वीस थापा मारते मनगटानं, आणि मग—"

"दहा, बाबा," दारापाशी चहा ओतत बेगायिम म्हणाली.

"ऐकलंत?" तोलोबाय सगळ्यांकडे वळला. "दहा."