सुळा आणि चौकट

दिवसभर परक्या माणसांच्या तोंडात बोटं घालणाऱ्याला कशाचीच किळस येत नसणार, असं दातांच्या डॉक्टरांबद्दल सगळ्यांचं मत होतं. ते बरंचसं खरंही होतं. किडलेली दाढ, पू धरलेली हिरडी, जिभेवर साचलेला पिवळा थर, हे सगळं डॉक्टर चहाचा घोट घेता घेता बघू शकत. त्यांना किळस यायची ती मेहुण्याने काढलेले फोटो बघून.

मेहुणा विमा कंपनीत होता. ठोकलेल्या गाड्यांची पाहणी करायची आणि त्यांचे फोटो काढायचे, हे त्याचं काम. सुट्टीच्या दिवशी तोच कॅमेरा तो नातेवाइकांवर रोखायचा. घरात त्याचं नावच फोटोमामा पडलं होतं. फोटो काढला की तो लगेच दाखवायचा नाही. ‘जरा मुरू दे’ म्हणायचा. मुरवणं म्हणजे कॉम्प्युटरवर बसून त्याची पार रया घालवणं. मुरलेल्या फोटोत आकाश वांग्याच्या रंगाचं व्हायचं, झाडं प्लास्टिकची आणि माणसं उकडून सोललेल्या अंड्यांसारखी. मग तो फोटो घरच्या ग्रुपवर यायचा आणि खाली ओळ असायची, ‘प्रामाणिक मत हवंय. चिरफाड चालेल.’

चिरफाड कोणी करत नसे. सगळे एकजात ‘अप्रतिम’ लिहीत. डॉक्टरही लिहीत. त्यांच्या फोनला इतकी सवय झाली होती की नुसता ‘अ’ दाबला तरी उरलेला शब्द तो आपणहून पुढे करायचा. तोंडदेखलं बोलणं हा तसा डॉक्टरांच्या धंद्याचाच भाग. ‘अजिबात दुखणार नाही’ हे वाक्य ते रोज सराईतपणे म्हणत.

एका सकाळी दोन पेशंटांच्या मधल्या वेळात त्यांनी असाच ‘अ’ दाबला. फोटो उघडलासुद्धा नाही.

संध्याकाळी त्यांची मुलगी दवाखान्यात आली आणि थेट खुर्चीत जाऊन आडवी झाली. नुकतीच कॉलेजात जायला लागली होती.

“काय सुळूबाई, आज इकडे कशा?” डॉक्टर म्हणाले. तिचा डावा सुळा लहानपणी शेजारच्या दाताच्या डोक्यावर चढून उगवला होता. तेव्हापासून हे नाव.

“सुळूबाई म्हणू नकोस. आणि हा दात काढ.”

“कशाला? किडलाय?”

“वाकडाय.”

“तो उगवल्यापासून वाकडाय. तारा लावू म्हणालो तर तूच भोकाड पसरलं होतंस. माझा दात मला आवडतो म्हणालीस.”

“तेव्हा मला माहीत नव्हतं ना, तो नसेल तर मी कशी दिसेन ते. आता कळलं. तूच लिहिलंस की अप्रतिम.”

डॉक्टरांनी फोन काढला आणि तो फोटो प्रथमच नीट पाहिला. त्यात एक मुलगी होती. हनुवटी निमुळती, नाक चिमटीत धरून ओढल्यासारखं, गाल साबणाच्या वडीसारखे गुळगुळीत. तोंडात दात नव्हतेच, एक अखंड पांढरी पट्टी होती. अशी पट्टी डॉक्टरांनी फक्त कवळीच्या कॅटलॉगात पाहिली होती. गाल आत ढकलताना मागच्या दाराची चौकटही आत ओढली गेली होती. एवढं उभं दार कमरेत लचकत होतं. खाली अख्ख्या खानदानाचे अंगठे होते आणि सगळ्यांत वर डॉक्टरांचं ‘अप्रतिम’.

डॉक्टरांनी हातातला चहा बेसिनमध्ये ओतला.

“निरोगी दात मी काढत नसतो.”

“मग दुसऱ्या कोणाकडून काढून घेईन,” ती म्हणाली आणि निघून गेली. जाताना पेशंटच्या रांगेतलं कोणीतरी ओळखीचं हसलं. तिने ओठ मिटूनच मान हलवली. कालपर्यंत ही मुलगी हसली की पडजीभ दिसायची.

दुसऱ्या दिवशी फोटोमामा दात साफ करायला आला. तोंड उघडून पडलेल्या माणसाशी बोलण्यात एक सोय असते.

“कालच्या फोटोबद्दल प्रामाणिक मत हवंय ना?” डॉक्टरांनी विचारलं.

“आं,” मेहुणा म्हणाला.

“मला किळस आली.”

मेहुणा उठून बसला. “काय म्हणता भावोजी! फोकस हुकलाय का?”

“तिचा दात कुठे गेला?”

“तो? तो मी मुरवताना काढला. बिचारीला केवढा न्यूनगंड येत असेल!”

“नव्हता. काल आला. आणि मागचं दार बघ, वाकलंय. पोरीचा दात सरळ केलास आणि चौकट वाकडी करून ठेवलीस.”

“आईशप्पथ! चौकट!” मेहुण्याने डोक्याला हात लावला. “हे कोणीच कसं नाही सांगितलं?”

“ऑफिसात गाडीच्या फोटोतला पोचा पुसतोस का रे कधी?”

“वेड लागलंय का? नोकरी जाईल.”

“मग?”

“ती गाडी आहे, भावोजी!” मेहुणा कळवळून म्हणाला.

डॉक्टरांनी त्याला आडवं केलं आणि नेहमीपेक्षा जरा जोरात दात घासले.

संध्याकाळी ग्रुपवर फोटो पुन्हा आला. चौकट आता सरळ, ओळंब्यात होती. सुळा नव्हताच. खाली लिहिलं होतं, ‘भावोजींच्या मोलाच्या सूचनेनुसार दुरुस्त. असे समीक्षक हवेत!’

मुलगी फोन नाचवत दवाखान्यात आली. “वा, बाबा! सूचना केलीस म्हणे. कशाची, तर दाराची!”

डॉक्टरांनी फोन घेतला. ‘अ’ दाबला. फोनने शब्द पुढे केला. त्यांनी तो खोडला आणि एकेक अक्षर टाइप केलं, ‘हा फोटो घाणेरडा आहे. ही माझी मुलगी नाही. माझ्या मुलीचा दात तिला परत द्या.’

लगेच मोठ्या काकूंचं उत्तर आलं, ‘अप्रतिम!’ त्यांच्यामागून काकांचा अंगठा.

बापलेक दोघंही त्या अंगठ्याकडे बघत राहिले.

“यांच्यातलं कोणी काही वाचतं तरी का रे?” मुलगी म्हणाली. मग खुर्चीत बसली. “आता तू सांग. पण खरं सांग. कसा दिसतो?”

डॉक्टरांनी दिवा ओढून तिच्या तोंडावर आणला आणि तिच्या हातात आरसा दिला. “वाकडा दिसतो. चांगला वाकडा. तू हसलीस की माणसाची नजर आधी त्याच्यावरच जाते. तुला सरळच हवा असेल तर तारा लावीन. वेळ लागेल, दुखेलही. ते तू ठरव. मामाने ठरवलेलं चालणार नाही.”

तिने आरशात बघत जिभेचं टोक सुळ्यावरून फिरवलं.

“त्यापेक्षा मामाचेच दात काढ.”

“काढले असते. पण एवढा थर साचलाय, आत दात आहेत की नाहीत तेच कळत नाही.”

ती खळखळून हसली. सवयीने, म्हणजे दोन दिवसांच्या सवयीने, हात तोंडावर न्यायला गेली. पण हातात आरसा होता आणि आरशात सुळ्यासकट हसणारी ती.

“शी, मामाचे दात!” ती म्हणाली आणि आरसा खाली ठेवायला विसरली.