मोजणीची दहा मिनिटं

ॲडेलिना तिसऱ्यांदा आली तेव्हा झोर्काकाकूंनी दार उघडून आधी तिच्या हातातल्या पेटीकडे बघितलं.

"यंत्र तेच आहे, की या खेपेला ऐकू येणारं आणलंय?"

रुसे शहरात आवाज मोजायचं सरकारी काम ॲडेलिना अकरा वर्षं करत होती. टोमणे तिच्या अंगवळणी पडले होते. काकूंचं घर पहिल्या मजल्यावर, खाली मांसाचं दुकान. दुकानाच्या शीतगृहाचा कॉम्प्रेसर बरोबर यांच्या बैठकीच्या खोलीखाली घुमायचा; काकूंची तक्रार त्याचीच. समोरून डॅन्यूब नदीच्या पुलाकडे जाणारा रस्ता आणि त्यावर दिवसभर ट्रक.

खिडकीशी चाकांच्या खुर्चीत काकूंचा नवरा लुबेन बसला होता. तीस वर्षं त्याने नदीवर बोटी चालवल्या होत्या. वर्षापूर्वी पक्षाघाताने उजवी बाजू गेली आणि आवाज पार तळाला गेला. ओठ हलायचे, पण शब्द बाहेर पडेपर्यंत त्यात काही उरायचं नाही.

"हा काहीतरी बोलतो आणि मी 'काय? काय?' करत बसते," काकू म्हणाल्या. "पाणी हवंय म्हणून धावत जावं, तर त्याला उशी हवी असते."

ॲडेलिनाने तिकाटणं उभं करून त्यावर मोजायचं यंत्र चढवलं, दुकानदार कामेनला फोन केला. तो भला माणूस होता. मोजणीपुरता कॉम्प्रेसर बंद करायला त्याने कधी नाही म्हटलं नव्हतं.

"दहा मिनिटं बंद राहील," तिने नेहमीप्रमाणे बजावलं. "तेवढ्या वेळात कोणी बोलायचं नाही, हलायचं नाही."

कॉम्प्रेसर थांबला. पायाखालची लादी मोकळी झाल्यासारखी वाटली. दोन ट्रकांच्या मधे तर खोलीत घड्याळही ऐकू येत होतं. लुबेनने तोंड उघडलं. काकूंनी ओठांवर बोट ठेवून त्याला दटावलं. तो गप्प झाला.

मग कॉम्प्रेसर पुन्हा सुरू झाला आणि ॲडेलिनाने दुसरी मोजणी घेतली. बंद असताना बेचाळीस डेसिबल, चालू असताना साडेत्रेचाळीस.

"फरक तीनच्या आत आहे, काकू. नियमाने हा आवाज दुकानाचा म्हणून वेगळा काढता येत नाही."

"म्हणजे रस्ता बोंबलतो, म्हणून दुकानाला गुरगुरायची मोकळीक?"

ॲडेलिना खाली बघत म्हणाली, "तसंच आहे." घुमणारा जड आवाज या मापात हलका भरतो, हेही तिला ठाऊक होतं. ते ती बोलली नाही.

एवढ्यात लुबेन पुन्हा बोलू लागला. चांगलं मोठं वाक्य असावं, कपाळावरच्या शिरा फुगल्या होत्या. ॲडेलिनाची नजर सहज अजून चालू असलेल्या मोजणीयंत्राच्या पडद्यावर गेली. साडेत्रेचाळीस. तो बोलत राहिला, आकडा जागचा हलला नाही.

ती उठली आणि त्याच्या तोंडाशी कान नेला.

"बंद होतं तेव्हा बोलायचं होतं," तो कुजबुजला. "तुम्हीच गप्प बसवलंत."

"काय बोलायचं होतं? मला सांगा, मी त्यांना सांगते."

त्याने मान हलवली. "तिलाच."

ॲडेलिनाने कामेनला पुन्हा फोन लावला.

"अहो बाई, माल आहे आत! मोजणी झाली ना तुमची?"

"झाली. पण पाच मिनिटं द्या. माझ्यासाठी."

"बरं. पाच म्हणजे पाचच."

कॉम्प्रेसर थांबला. काकू स्टूल ओढून नवऱ्याच्या अगदी तोंडाशी बसल्या. "बोल रे. ऐकतेय मी. बोल ना!"

लुबेनने त्यांच्याकडे पाहिलं, मग तिकाटण्याशी उभ्या असलेल्या परक्या बाईकडे. ॲडेलिना लगबगीने स्वयंपाकघरात गेली. तिथे ओट्यावर लिंडेनच्या फुलांचा चहा निवत पडला होता. तिने कानोसा घेतला. काकूंचंच ऐकू येत होतं, "बोल ना, लुबेन." मग नुसते ट्रक. मग पाच मिनिटं संपली आणि लादी थरथरू लागली.

ती बाहेर आली तेव्हा लुबेनने डोळे मिटून घेतले होते.

"दमला," काकू म्हणाल्या. "एवढ्या घाईत कुठे बोलता येतं माणसाला."

अहवालाच्या शेवटी ॲडेलिनाने एक ओळ जास्तीची लिहिली: या घरातल्या रुग्णाचं बोलणं पार्श्वभूमीच्या आवाजाखाली दबतं. साहेबांनी ती पेनाने खोडली. "याला रकाना कुठाय? दुकानाचा दोष निघाला का? नाही ना? मग झालं."

नोव्हेंबरात काकूंचा कचेरीत फोन आला. तक्रार मागे घ्यायची होती.

"लुबेन गेला, पोरी. गेल्या सोमवारी." मागून घरघर ऐकू येत होती. खालचा कॉम्प्रेसर. "त्या दिवशी तू कान लावला होतास त्याच्या तोंडाशी. काय सांगायचं होतं गं त्याला?"

"नाही कळलं, काकू."

"नाहीच कळलं?"

"नाही."

"बरं," काकू म्हणाल्या आणि फोन ठेवला.

ॲडेलिनाने तक्रारीची फाइल काढली. बंद करण्याचं कारण लिहायच्या जागी 'तक्रारदाराने मागे घेतली' असं लिहून सही केली आणि फाइल कपाटात इतर फाइलींवर ठेवून दिली.